मिटल्या डोळ्यातला पाठमोरा

कपाटातल्या एका डोळ्याची पापणी लवली, आणि भिंगरीच्या हातातली पिशवी धप्पकन खाली पडली.

सकाळच होती ती, पण धुकं असं की खिडक्यांच्या काचा दुधात बुडवून काढल्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. बसमध्ये अंग अवघडलेलं, शहर अनोळखी, पत्ता विचारत विचारत ती त्या जुन्या दुमजली इमारतीत शिरली होती. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. तिनं ढकललं ते दार चुकीचं निघालं. आत खोलीभर काचेची कपाटं, कपाटांत लाकडी ट्रे, आणि ट्रेमध्ये डोळे. काळे, तपकिरी, पिंगट, राखाडी... ओळीनं मांडलेले. ती डावीकडे सरकली तरी तिच्याकडेच बघणारे, उजवीकडे सरकली तरी तिच्याकडेच.

धीर यावा म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, "नमस्कार, मंडळी."

आणि मधल्या कप्प्यातला एक घारा डोळा मिटला. पुन्हा उघडला.

भिंगरी किंचाळली नाही. किंचाळायला श्वास लागतो, आणि तो कुठल्या कुठे पळाला होता.

"घाबरलात का?" कपाटामागून आवाज आला, आणि आवाजापाठोपाठ एक उंच मुलगा. हातात फडकं, कानावर खोचलेला बारीक ब्रश, आणि चेहऱ्यावर तेच घारे डोळे. कपाटाची मागची बाजूही काचेचीच होती, हे तिला आत्ता कळलं.

"मुळीच नाही."

"मग पिशवी काय नमस्काराला वाकली?"

"तुम्ही तिकडे काय करत होता?"

"कप्पे पुसत होतो. तुम्ही एवढ्या अदबीनं नमस्कार केलात, म्हटलं कुणीतरी उत्तर द्यायला हवं. बाकीच्यांना पापण्या नाहीत."

"माणसासारखं तोंडानं द्यायचं ना! बोक्यासारखं काचेआडून काय बघायचं?"

तो खळखळून हसला. आणि त्या दिवसापासून, नकली डोळे करायला शिकवणारी ती सगळी शाळा त्याला बोका म्हणू लागली.

तिचं 'भिंगरी' हे नाव मात्र घरून आलेलं. एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून बाबांनीच ठेवलेलं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. अपघातात किंवा आजारात डोळा गमावलेली माणसं दुकानात यायची, सर्वांत काळ्या काचांचा चष्मा मागायची आणि मान खाली घालून निघून जायची. बाजारात तयार नकली डोळे मिळत, पण ते बसवले की माणूस सतत दचकल्यासारखा दिसे. माणूस समोर बसवून, त्याच्या मापाचा, त्याच्याच दुसऱ्या डोळ्याला जोडीचा डोळा करून देणारं त्यांच्या गावात कुणी नव्हतं. "तू शीक," बाबा म्हणाले होते. "निदान त्या निमित्तानं एका जागी बसशील."

शिकवणाऱ्या बाई बुटक्या, कडक आणि कमी बोलणाऱ्या. त्यांचा स्वतःचा एक डोळा नकली होता, आणि कुठला ते कुणालाच ओळखता येत नसे. मुलं पैजा लावायची आणि हरायची. बाईंनी पहिल्याच दिवशी जोड्या लावल्या. ज्याच्या समोर जो बसेल, त्यानं त्याचा डोळा रंगवायचा. भिंगरीच्या समोर बोका आला. दैवानं आणलं म्हणा, किंवा बोक्यानं खुर्ची सरकवली म्हणा.

डोळा करणं म्हणजे साधं काम नव्हे. रिकाम्या खोबणीचा ठसा घ्यायचा, त्यावरून मेणाचा नमुना, मेणावरून पांढरा घट्ट प्लास्टिकचा डोळा. मग पिसाच्या टोकाएवढ्या ब्रशनं बुबुळ रंगवायचं, थरावर थर. पांढऱ्या भागात लाल रेशमाचे सुटे तंतू बसवायचे, त्या रक्ताच्या शिरा. शेवटी पॉलिश, ओलसर दिसेपर्यंत. आणि या सगळ्याआधी समोरच्याच्या डोळ्यात बघत बसायचं. तासन् तास.

"हलू नकोस," बोका म्हणायचा.

"मी कुठं हलतेय?"

"बुबुळ फिरतंय तुझं. नाव ठेवणाऱ्याला बक्षीस द्यायला पाहिजे."

"तू असा टक लावून बसल्यावर मी नजर ठेवू तरी कुठं?"

"माझ्यावर ठेव. मी सांभाळीन."

ती लाजून खाली बघायची, तो "अरेरे, गेला रंग!" म्हणून कपाळावर हात मारायचा, आणि दूरवरून बाई नुसतं खाकरायच्या.

एकदा तिनं विचारलं, "काय दिसतं रे एवढं माझ्या डोळ्यात?"

"तपकिरी. पण नुसतं तपकिरी म्हटलं तर बाई कान पिळतील. कडेला गडद, मध्ये भिजलेल्या मातीसारखं, आणि बाहुलीपाशी..."

"बाहुलीपाशी काय?"

"मी. एवढासा. पण छान दिसतोय."

तिला त्याच्या डाव्या डोळ्यात एक गोष्ट सापडली होती. बुबुळाच्या खालच्या कडेला गंजाच्या रंगाचा एक ठिपका होता, तिळाएवढासुद्धा नाही. उजव्यात तो नव्हता. डाव्यातही, बोका हसला की ठिपका पापणीआड जायचा, बोका गंभीर झाला की वर यायचा. तिनं तो इतक्यांदा रंगवला की पुढे पुढे ती न बघता रंगवू शकायची. आणि हेच बाईंना आवडायचं नाही. "समोर बघ," त्या एवढंच म्हणायच्या. का, ते सांगायच्या नाहीत.

धुक्याच्या दुपारी त्या इमारतीत काहीतरी वेगळंच वाटायचं. पलीकडच्या खोलीत पॉलिशचं यंत्र घुमत राहायचं. जाऊन बघावं तर यंत्राशी कुणी नाही आणि चाक मात्र अजून फिरतंय. कपाटांसमोरून जाताना वाटायचं, ट्रेमधली नजर आपल्याबरोबर वळली. बोका म्हणायचा, "मंडळी आपल्याला बघून ठेवतायत. पुढं-मागं साक्षीला लागतील."

"कसल्या साक्षीला?"

"आहे एक प्रकरण. मुलगी अजून ऐकायला बसत नाही एका जागी."

शिक्षण संपलं त्या दिवशी तो तिला सोडायला स्टँडवर आला. त्याला दुसऱ्या शहरात एका रुग्णालयात काम मिळालं होतं, ती बाबांच्या दुकानात जाणार होती. बारीक पाऊस होता, दिसेल न दिसेल असा. त्याच्या केसांवर पाण्याचे कण साचले होते आणि तो ते पुसत नव्हता.

"एक सांगायचं होतं—" तो म्हणाला.

भिंगरीनं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. आणि तिनं जे आयुष्यभर केलं होतं तेच केलं, बडबडायला लागली. बस किती जुनी आहे, जागा खिडकीची आहे का, दुकानामागची खोली रंगवायला काढलीय, पत्ता आहे ना, फोन कर हं... तो ऐकत राहिला. ठिपका वर आला होता. मग बस सुटली.

सुरुवातीला फोन यायचे. रोज, मग दोन दिवसांनी. रुग्णालयातले किस्से, हसणं, आणि मध्येच दोघांचं गप्प होणं... मग एका आठवड्यात त्यानं फोन उचलला नाही. पुढच्या आठवड्यात तो बंदच लागायला लागला. रुग्णालयात विचारलं तर ते काम सोडून गेले, एवढंच उत्तर मिळालं. भिंगरी आधी चिडली, मग घाबरली, मग पुन्हा चिडली. "शिकायला गेल्यावर भेटलेली माणसं तिथंच सोडून यायची असतात गं," आत्या म्हणाली. "जग काय तिथंच संपतं?" भिंगरीनं मान हलवली, आणि दुकानामागच्या खोलीत जाऊन काम करत राहिली. तासन् तास, एकाच स्टुलावर.

पहिला नीट जमलेला डोळा तिनं एका बस कंडक्टरला करून दिला. काळाभोर, जोडीला जोड. त्यानं आरशात बघितलं आणि आरशालाच हात जोडले. पण थोड्याच दिवसांत तो पुन्हा आला.

"ताई, डोळा झकास बसलाय, तक्रार नाही. पण मिटला की त्यात एक पोरगा दिसतो. पाठमोरा. खिडकीशी बसलेला. त्यानं तिकीट काढलंय का विचारा जरा."

ती हसली. तोही हसला. मग त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगू? सुरुवातीला मजा वाटली. आता डोळा मिटायला नको वाटतं. तो काही करत नाही हो, नुसता बसलेला असतो. पण वाटतं, आत्ता वळेल."

भिंगरीनं डोळा काढून घेतला आणि भिंगाखाली धरला. काळ्याभोर बुबुळाच्या खालच्या कडेला गंजाच्या रंगाचा एक ठिपका होता. तिनं तो रंगवला नव्हता. आतल्या थरात होता, वरच्या थरांतून डोकावणारा. तिनं कंडक्टरसाठी दुसरा डोळा केला, ठिपका नाही ना हे चारदा बघितलं, आणि पॉलिश करायला घेतला. ओलसर चमक आली तशी खालच्या कडेला लालसर छाया उमटली. चाकावरच. तिच्या डोळ्यांदेखत. शेवटी नाइलाजानं तोच त्याला दिला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? डोळे करणारीचे डोळे फिरलेत, असंच लोक म्हणाले असते.

त्यानंतर गाणाऱ्या आजी आल्या. जन्मभर मुलींना गाणं शिकवलेल्या, ताठ कण्याच्या, पांढऱ्या केसांच्या. त्यांना तिनं फिकट तपकिरी डोळा करून दिला होता. त्या खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बाळ, मला वेडी समजू नकोस."

"नाही हो आजी."

"हा डोळा मिटला की मला एक मुलगा दिसतो."

भिंगरीनं ब्रश खाली ठेवला. "पाठमोरा?"

"म्हणजे तुला ठाऊक आहे तर." आजींनी सुस्कारा सोडला. "मी त्याच्या मागेच उभी आहे असं दिसतं. हात लांब केला तर खांद्याला लागेल इतकी जवळ. उंच आहे. कानावर ब्रश खोचलेला असतो, पण रंगवताना मी त्याला कधी पाहिलं नाही. चहा ओततो. कपात नाही गं... कपाच्या शेजारी. सगळा टेबलावर. मग तसाच बघत राहतो त्या चहाकडे. काल रडला."

"पाठमोरा होता ना? कसं कळलं?"

"रडणं खांद्यांत दिसतं, बाळ."

कपाच्या शेजारी! भिंगरी उठून उभी राहिली. एक डोळा गेलेल्या माणसाला सुरुवातीला अंतर कळत नाही. जिना उतरताना पाय हवेत पडतो, हस्तांदोलन करताना हात चुकतो, आणि चहा कपाच्या शेजारी पडतो. ती स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, किटलीची तोटी कपाच्या काठाला टेकवा आणि मग ओता.

"आजी, खिडकीबाहेर काय दिसतं?"

आजींनी दोन्ही डोळे मिटले. खोलीत एकदम शांत झालं. बाहेर दुकानात बाबा कुणाला तरी अक्षरं वाचायला लावत होते, तो आवाजही लांब गेल्यासारखा वाटला. "पाण्याची लोखंडी टाकी," आजी हळूहळू म्हणाल्या. "शिडीची मधली पायरी तुटलेली. आत्ताही बसलाय बघ... मान खाली घालून."

ती टाकी भिंगरीनं वर्षभर पाहिली होती. शाळेच्या मागच्या अंगाला, ठशांच्या खोलीच्या खिडकीतून. त्या खिडकीशी बसून दोघं डबा खायचे.

तिनं बाबांना सांगितलं, "मी जाऊन येते." कुठं, कशाला, काही नाही.

बाबांनी हातातली काच पुसून दिव्यासमोर धरली. "मला काचेतून दिसतं तेवढंच कळतं," ते म्हणाले. "पण तू इतके महिने एका जागी बसलीस, तेव्हाच मला धास्ती बसली होती. जा. आत्याला मी सांभाळतो."

ती पोचली तेव्हा दुपार होती, आणि धुकं होतं. व्हरांडा तसाच रिकामा. डोळ्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. तिनं आत बघायचं नाही असं ठरवलं, तरी पाठीवर नजरा जाणवल्याच. पलीकडे यंत्र घुमत होतं. ठशांच्या खोलीचं दार तिनं बोटानं लोटलं.

खिडकी. बाहेर टाकी. टेबलावर किटली, आणि सांडलेल्या चहाचं थारोळं. आणि तो. पाठमोरा, मान खाली घातलेला. हात लांब केला तर खांद्याला लागेल इतका जवळ. भिंगरीच्या अंगावर सरसरून काटा आला. कारण इतके दिवस त्या मिटलेल्या डोळ्यांनी जिथून त्याला पाहिलं होतं, नेमक्या त्याच जागी ती आत्ता उभी होती.

"आज पण आलीस?" तो न वळता म्हणाला.

ती कुजबुजली. "आज पण... म्हणजे?"

त्याच्या हातातला कप खाली पडून फुटला. आजवर त्याला कधी उत्तर आलं नव्हतं.

"भिंगरी?"

"हो."

"खरीखुरी?"

"बसनं आलेय. खरीखुरी म्हणजे आणखी कशी असते?"

"मला रोज वाटायचं," तो खिडकीकडेच बघत म्हणाला, "मागं कुणीतरी उभं आहे. वळलं की कुणी नसायचं. आधी दरदरून घाम फुटायचा. मग सवय झाली. मग... वाट बघायला लागलो. म्हटलं भूत असेल तरी असू दे, जायला नको."

"आता वळ."

"नाही. तू जा."

"इतक्या लांबून तुझी पाठ बघायला आले का मी? ती तर घरबसल्या दिसत होती."

त्याला ते कळलं नाही. तो वळलाही नाही. सांगत मात्र गेला, तुटक तुटक. डाव्या डोळ्यामागं गाठ निघाली होती. डोळा काढावा लागला. जीव वाचला, पण ब्रश टेकवायला गेलं की तो हवेत टेकायचा. डोळे रंगवणाऱ्याचा हातच चुकायला लागला, तेव्हा त्यानं रुग्णालय सोडलं, फोन बंद केला आणि इथं आला. बाईंनी ठसे धुवायच्या कामावर ठेवून घेतलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला माझा डोळा आवडायचा," तो म्हणाला. "तो नाही राहिला. मग सांगायला माझ्याकडे काय उरलं?"

भिंगरीचा राग असा उसळला की डोळ्यांत पाणीच आलं. "मूर्खा, स्टँडवर मी एवढी बडबड का केली माहीत आहे? तू जे बोलणार होतास ते ऐकलं असतं तर मी बसमध्ये चढलेच नसते, म्हणून! डोळ्याला काय बोलता येत होतं का? बोलणारा तू होतास ना!"

तेव्हा तो वळला. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, दाढी वाढलेली, चेहरा ओढलेला. आणि नेमका तेव्हाच तिच्या पिशवीतला फोन वाजला. घाईत बोट भलतीकडे लागलं आणि आजींचा आवाज खोलीभर घुमला.

"बाळ! अगं, वळला तो! चेहरा दिसला गं! दाढी करायला सांग, पण देखणा आहे हो!"

बोक्याचं तोंड उघडंच राहिलं. "कोण आहे ही बाई?"

"माझं गिऱ्हाईक," भिंगरी म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली.

"आणि तो कंडक्टर असेल ना कुठं," ती पुढं म्हणाली, "त्याचाही जीव भांड्यात पडला असेल."

दारात कुणीतरी खाकरलं. बाई होत्या. "मी सांगितलं नाही हं," त्या बोक्याला म्हणाल्या. "कुणाला बोलणार नाही असं तुला वचन दिलं होतं, ते पाळलंय."

"मग हिला कळलं कसं?"

बाईंनी दोघांना समोर बसवलं आणि वर्षभर जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "डोळा रंगवताना रंगवणाऱ्याचा जीव जिथं गुंतलेला असतो, तेच त्या डोळ्याला दिसतं. माझ्या गुरूंनी मला बजावलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही, हसाल म्हणून. हिला नुसतं 'समोर बघ' म्हणत राहिले. पुढं ही बसली गिऱ्हाइकांसमोर, आणि बघत राहिली भलत्यालाच." मग त्या दाराकडे वळल्या. "माझाही नकली डोळा मिटला की मला काहीतरी दिसतं. काय ते विचारू नका." आणि त्या जशा आल्या तशा गेल्या.

यंत्र थांबलं होतं.

"बाईंनी तुला डोळा करून दिला नाही?" भिंगरीनं विचारलं.

"दिला. उत्तम होता. पण आरशात बघितलं तर माझ्या चेहऱ्यातून दुसराच कुणीतरी बघत होता. काढून ठेवला." त्यानं पट्टीवरून बोट फिरवलं. "डाव्यात काहीतरी वेगळं होतं, ते मलाही नीट आठवत नाही. स्वतःचा डोळा कोण एवढा बघतं?"

"मी बघितलाय. बस खुर्चीत."

"आत्ता?"

"नाही, पुढच्या जन्मी. बस म्हटलं ना."

तिनं ठसा घेतला. पट्टी काढून रिकाम्या खोबणीकडे बघताना तिची नजर ढळली नाही, हे त्यानं उरलेल्या डोळ्यानं बघितलं. मेण झालं, साचा झाला. पुढचे कित्येक दिवस ती त्याच्या समोर स्टूल घेऊन बसत होती, उजव्या डोळ्याकडे बघून रंग मिळवत होती, आणि डाव्यातलं जे फक्त तिला माहीत होतं ते आतून काढत होती. तो चहा ओतायला शिकला, तोटी काठाला टेकवून. दाढीही केली.

"हलू नकोस," ती म्हणायची.

"इतकी एका जागी बसलेली तुला पहिल्यांदाच बघतोय."

"शिकले. बोलू नकोस, गाल हलतो."

डोळा तयार झाला त्या दुपारी धुकं खिडकीला इतकं चिकटलं होतं की टाकीसुद्धा दिसत नव्हती. खोलीत ते दोघंच. तिनं डोळा कोमट पाण्यात धुतला, त्याची पापणी अलगद उचलली आणि तो बसवला. घारा. ओलसर. खालच्या कडेला गंजाचा ठिपका. तिनं आरसा पुढं केला, पण त्यानं तो हातानं बाजूला सारला.

"आरसा नको. आधी दुसरं बघायचंय," तो म्हणाला, आणि त्यानं दोन्ही डोळे मिटले.

भिंगरीला एकाएकी भीती वाटली. "काय दिसतंय?"

त्याच्या पापण्या थरथरत होत्या. मग हळूच म्हणाला, "एक मुलगा. खुर्चीत बसलाय. डोळे मिटलेले. शर्टाचं बटण भलत्याच काजात."

"आणि?"

"त्याच्याकडे कुणीतरी बघतंय. म्हणजे... मीच बघतोय. पण माझ्या नजरेनं नाही." त्याचा आवाज घोगरा झाला. "भिंगरी, मला वाटायचं मी आता भयानक दिसत असेन. तू मला असं बघतेस?"

"कसं?"

"असं... म्हणजे इतकं..."

"मग कसं बघू?" तिनं विचारलं. "पहिल्या दिवसापासून असंच बघतेय. तुलाच दिसत नव्हतं."

फोन पुन्हा वाजला. तिनं तो कानाला लावला. "बाळ," आजी म्हणाल्या, "मी आपला हा डोळा काढून पाण्यात ठेवतेय. म्हाताऱ्या माणसानं किती बघायचं, त्याला काही मर्यादा आहे." आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही," भिंगरी म्हणाली. तिचे कान तापले होते. "आता उघड ना डोळे."

"थांब जरा," तो डोळे मिटूनच म्हणाला. त्याच्या ओठांवर हसू आलं होतं, आणि त्या हसण्यात थोडी भीतीही होती. "तो मुलगा मोठा होत चाललाय. जवळ येतोय... त्याच्या पापण्या दिसतायत मला, एकेक... भिंगरी, तू उठलीस का स्टुलावरून?"

स्टूल मागं सरकल्याचा आवाज झाला.

"आणखी जवळ," तो कुजबुजला. "आता नुसता त्याचा—"

आणि मग त्याला काहीच दिसेना. सगळीकडे मऊ, ऊबदार अंधार झाला. कारण भिंगरीनंही आता डोळे मिटून घेतले होते.